शालेय जनजागृतिपट : उपदेश आणि अवलोकन

१

गेल्या दहा-पंधरा वर्षांत कॅमेरा असलेला मोबाइल घरोघरी पोहोचला आणि एके काळी शासकीय खाती व चित्रसंस्था यांच्यापुरती मर्यादित असलेली एक निर्मिती शाळेच्या वर्गात येऊन दाखल झाली. पाणी, स्वच्छता, व्यसनमुक्ती, वाहतुकीचे नियम, मुलींचे शिक्षण, प्लॅस्टिकचा वापर अशा विषयांवर दोन ते पाच मिनिटांचे लघुपट विद्यार्थी तयार करतात. त्यांच्या स्पर्धा भरतात, पारितोषिके दिली जातात आणि स्नेहसंमेलनात ते पालकांना दाखविले जातात. या लघुपटांकडे कौतुकाने पाहण्याची रीत आहे. समीक्षेच्या दृष्टीने त्यांचा विचार मात्र क्वचितच झाला आहे. मुलांच्या कामावर टीका कशाला करावयाची, अशी त्यामागची सहृदय भावना असावी. परंतु प्रस्तुत लेखात ज्याची चिकित्सा करावयाची आहे, ते मुलांचे कौशल्य नव्हे. मुलांच्या हाती आपण जो साचा देतो, त्या साच्याची ही चिकित्सा आहे. आणि साचा मोठ्यांनीच घडविलेला असल्यामुळे त्याची जबाबदारीही मोठ्यांचीच आहे.

‘जनजागृती’ या शब्दात एक गृहीत दडलेले असते. कोणी तरी जागा आहे आणि कोणी तरी झोपलेला आहे. जागा असलेला झोपलेल्यास उठवितो. शालेय लघुपटात हे गृहीत विशेष चमत्कारिक रूप धारण करते. तेरा-चौदा वर्षांचा विद्यार्थी जागा ठरतो आणि गाव किंवा मोहल्ला निद्रिस्त ठरतो. विद्यार्थ्याला ही जाग कोठून आली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. बहुधा ती स्पर्धेच्या परिपत्रकातून आलेली असते. विषय ठरलेला, कालमर्यादा ठरलेली आणि निष्कर्षही ठरलेला. विद्यार्थ्याने त्या निष्कर्षाला चित्रे जोडावयाची, एवढेच काम उरते. आपल्या शाळांतून ‘पाणी हेच जीवन’ या विषयावरील निबंध ज्या रीतीने गाइडातून पाठ करून लिहिला जातो, त्याच रीतीने हा लघुपट तयार होतो. साधन बदलले, पण पाठांतर गेले नाही.

२

या साच्याचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहणे अवश्य आहे. पाणीबचतीवरील लघुपट घ्या. एक मुलगा दात घासताना नळ चालू ठेवतो. त्याची बहीण अथवा मित्र येऊन नळ बंद करतो व दोन वाक्यांत समज देतो. मुलगा खजील होतो. तहानलेल्या भूमीचे, भेगा पडलेल्या जमिनीचे एक चित्र दाखविले जाते आणि करुण संगीताच्या साथीने पडद्यावर घोषवाक्य उमटते. व्यसनमुक्तीच्या लघुपटात वर्गातील सर्वांत थोराड मुलगा मिशी रंगवून बाप होतो, झोकांड्या देत घरात शिरतो आणि सभागृहात हशा पिकतो. स्वच्छतेच्या लघुपटात गणवेशातील मुले कोऱ्या झाडूंनी मैदान झाडतात. त्या गावाचा कचरा रोज पहाटे जो उचलतो, तो माणूस मात्र संपूर्ण लघुपटात एकदाही दिसत नाही.

या तिन्ही उदाहरणांत तीन दोष समान आहेत. पहिला दोष असा, की प्रश्नाचे कारण नेहमी व्यक्तीच्या निष्काळजीपणात शोधले जाते. दुसरा, की चित्रातील घटना प्रत्यक्षातून उचललेली नसते. ती घोषवाक्याचे उदाहरण म्हणून रचलेली असते. तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. लघुपट सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्याला जे माहीत होते, त्याहून अधिक काहीही तो पूर्ण झाल्यावर त्याला माहीत झालेले नसते.

पहिल्या दोषाचा परिणाम केवढा होतो, हे लातूरच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी पोहोचवावे लागले. त्या वर्षी तेथील एखाद्या विद्यार्थ्याने चालू राहिलेल्या नळाचा लघुपट केला असता, तर त्यात खोटे असे काही नव्हते. नळ बंद करावा, हे खरेच आहे. परंतु ज्या घरात नळालाच पाणी नाही, तेथे हे सत्य निरुपयोगी ठरते. त्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे हंड्यांची रांग असते, टँकरची वाट पाहणारी आजी असते, शाळा बुडवून पाणी भरणारी वर्गमैत्रीण असते. धरण का आटले, विहिरी आणि विंधनविहिरी किती खोल गेल्या, पिकांना किती पाणी दिले गेले, टँकर कोणाचा आणि त्याचा भाव कोण ठरवितो, हे प्रश्न त्याच्या अंगणात उभे असतात. साचा त्याला अंगणाकडे पाठ फिरवून न्हाणीघरातील नळाकडे पाहावयास लावतो. यात कलेची हानी आहेच. पण त्याहून मोठी हानी अशी, की स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवू नये, परिपत्रकातील वाक्यावर ठेवावा, असा धडा मूल येथे शिकते.

३

येथे एक भेद करणे न्यायाचे होईल. उपदेश हा सर्वत्र त्याज्य नाही. जनजागृतिपटांचे दोन वर्ग मानता येतील. ज्या विषयात करावयाची कृती निश्चित आहे, तिच्याविषयी जाणकारांत दुमत नाही, आणि ती प्रेक्षकाच्या आवाक्यात आहे, त्या विषयावरील लघुपटास आपण ‘सूचनापट’ म्हणू. ज्या विषयाची कारणे अनेक आहेत आणि उपाय वादग्रस्त किंवा प्रेक्षकाच्या हाताबाहेरचे आहेत, त्यावरील लघुपटास ‘शोधपट’ म्हणू.

सूचनापटाचे समर्थ उदाहरण आपल्याकडील पोलिओविरोधी मोहिमेत सापडते. भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. २०११ च्या जानेवारीत शेवटचा रुग्ण आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या मोहिमेतील जाहिरातपटांनी सांगितले ते अगदी थोडे : अमुक दिवशी, अमुक वयाच्या बालकाला डोस पाजा. डोस विनामूल्य होता, केंद्र जवळ होते आणि कृती सोपी होती. अशा ठिकाणी घोषवाक्य हेच योग्य रूप होय. तथापि ज्या वस्त्यांतून लसीविषयी संशय होता, तेथे केवळ चित्रफितीने भागले नाही; घरोघर जाऊन, त्या वस्तीतील विश्वासाच्या माणसांना बरोबर घेऊन समजूत घालावी लागली. म्हणजे सूचनेलाही विश्वासाची पूर्वतयारी लागते.

उपदेश आणि कला यांचे मुळातच वैर आहे, असेही नाही. विजया मुळे यांचा १९७४ मधील ‘एक अनेक और एकता’ हा मुलांसाठी केलेला चलच्चित्रपट त्याचा पुरावा आहे. त्यातील बोध उघड आहे. पण तो निघतो मुलांच्या प्रश्नातून, आणि सिद्ध होतो जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांच्या जुन्या कथेतून. घोषवाक्य आधी आणि चित्र मागाहून, असा क्रम तेथे नाही.

उलटपक्षी, सूचनापटाचा अतिरेक कोठवर जातो, हे ब्रिटनमधील एका लघुपटावरून दिसते. मुलांनी रेल्वेमार्गावर खेळू नये म्हणून ब्रिटिश ट्रान्सपोर्ट फिल्म्सने १९७७ मध्ये ‘द फिनिशिंग लाइन’ हा लघुपट काढला. रेल्वेमार्गावर भरलेला क्रीडामहोत्सव आणि त्यात घायाळ होणारी मुले, अशी त्याची कल्पना होती. दिग्दर्शक जॉन क्रिश यांची कारागिरी उत्तम होती. पण भीतीची मात्रा एवढी झाली की तक्रारी आल्या आणि १९७९ मध्ये लघुपट मागे घ्यावा लागला. सूचना बरोबर असली तरी प्रेक्षकाशी कोणत्या नात्याने बोलावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आपल्या शाळांतील गफलत या दोन वर्गांच्या सरमिसळीतून होते. पाणी, व्यसन, कचरा, मुलींची शाळागळती हे शोधपटाचे विषय आहेत. आणि आपण ते सूचनापटाच्या साच्यात ओततो.

४

शोधपटाला परंपरा नाही, असे मात्र नव्हे. अनुबोधपटाच्या इतिहासात उपदेशाकडून शोधाकडे झालेला प्रवास स्पष्ट दिसतो. या प्रकाराचे एक आद्य प्रवर्तक जॉन ग्रिअरसन चित्रपटाला व्यासपीठ, किंबहुना धर्मपीठ मानीत आणि ते मोकळेपणाने सांगत. त्यांचा ‘ड्रिफ्टर्स’ हा १९२९ मधील मूकपट उत्तर समुद्रातील हेरिंग मासळीच्या कोळ्यांवर आहे. त्यात श्रमिक भारदस्तपणे पडद्यावर आले. पण ते पाहिले जातात, बोलत नाहीत. पुढे १९३५ मध्ये ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ या लघुपटात लंडनच्या स्टेपनी भागातील गलिच्छ वस्तीचे रहिवासी कॅमेऱ्याकडे पाहून स्वतःच्या शब्दांत ओल, उंदीर आणि अपुरी जागा यांविषयी बोलले. ही मोठीच मजल होती. तथापि त्या लघुपटाचा खर्च गॅस उद्योगाने केला होता आणि नव्या सदनिकांत गॅसची उपकरणे बसावीत, हा त्याचा हेतू होता. रहिवाशांचे बोल खरे. त्यांना दिलेली चौकट पुरस्कर्त्याची. शालेय स्पर्धेचा पुरस्कर्ता कोण, हा प्रश्न म्हणूनच गौण मानता येत नाही.

ग्रिअरसन हेच १९३९ मध्ये स्थापन झालेल्या कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे पहिले प्रमुख होते. त्याच मंडळाच्या कॉलिन लो या दिग्दर्शकाने १९६७ मध्ये न्यूफाउंडलंडजवळील फोगो बेटावर जो प्रयोग केला, त्याने गुरूची रीत जवळजवळ उलटी केली. बेटावरील कोळी लोकांची मासेमारी तोट्यात होती आणि त्यांना तेथून हलवून अन्यत्र वसवावे, असा शासकीय विचार चालू होता. लो यांनी बेटावर एकच मोठा चित्रपट न करता, एकेका माणसाच्या अथवा एकेका प्रसंगाचे सुमारे २७ लघुपट केले. ज्याचे चित्रण केले, त्याला ते आधी दाखविले. त्याची संमती घेतली. मग बेटावरील इतर वस्त्यांना दाखविले. वेगवेगळ्या वस्त्यांतील आणि पंथांतील माणसांना एकमेकांची अडचण सारखीच असल्याचे पडद्यावर कळले. पुढे हे लघुपट शासनकर्त्यांनाही दाखविले गेले. बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि वस्ती उठली नाही. हे सारे केवळ चित्रपटामुळे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण चित्रपटाने लोकांना उठविले नाही, तर एकमेकांशी बोलते केले, हे निश्चित.

आपल्याकडे १९४८ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे काम याच दृष्टीने तपासता येते. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. तिचे लघुपट मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे चित्रपटगृहांना अनेक दशके बंधनकारक होते, आणि कित्येक प्रेक्षक ते संपेपर्यंत बाहेरच रेंगाळत, हेही सर्वविदित आहे. भारदस्त निवेदन, हिरवी शेते, धरणाचे दरवाजे आणि आशावादी शेवट, ही त्यांची सर्वसाधारण ठेवण. परंतु याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये ‘आय ॲम ट्वेंटी’ हा लघुपट केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुण-तरुणींना त्यांनी देशाविषयी आणि स्वतःविषयी विचारले. कोणी उमेदीने बोलले, कोणी कडवटपणाने, कोणी सरळ उदासीनता व्यक्त केली. शास्त्रींनी या उत्तरांची बेरीज केली नाही. ती एकापुढे एक ठेवली. शासनाच्या पैशाने काढलेला लघुपट मतभेदाला जागा देऊ शकतो, तर शाळेच्या लघुपटास ते अशक्य का असावे?

५

आता शिकण्याच्या पद्धतीकडे वळू. नवशिक्यांच्या हाती कॅमेरा देण्याचा एक गाजलेला प्रयोग १९६६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात, पाइन स्प्रिंग्ज येथील नॅव्हाहो लोकांत झाला. सोल वर्थ व जॉन अडेअर या संशोधकांनी काही नॅव्हाहो व्यक्तींना यंत्र कसे चालवावे आणि फीत कशी जोडावी, एवढेच शिकविले; काय दाखवावे आणि कसे मांडावे, हे जाणूनबुजून शिकविले नाही. प्रयोगाचा वृत्तांत १९७२ मध्ये ग्रंथरूपाने आला. तेथे तयार झालेल्या लघुपटांत विणकाम करणाऱ्या स्त्रीवरील एक आहे. त्यात प्रत्यक्ष विणकामाहून लोकर, रंगासाठी लागणारी मुळे व वनस्पती गोळा करणे, आणि त्यासाठी लांबवर चालत जाणे, यांनाच अधिक वेळ दिलेला आहे. बाहेरच्या संकलकाने हे चालणे प्रथम कापले असते. करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो कामाचाच भाग होता. आणखी एक लघुपट उथळ विहिरींच्या योजनेवर, म्हणजे आपल्या भाषेत थेट विकासकार्यावर आहे. तेथेही घोषवाक्य नाही, जुनी पाण्याची ठिकाणे आणि नवी विहीर यांचे दर्शन आहे.

याच प्रयोगातील एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. एका वृद्ध जाणत्याने संशोधकांना विचारले, की या चित्रणाने मेंढ्यांचे काही नुकसान होईल काय? नाही, असे उत्तर मिळाले. मग त्यांचे काही भले होईल काय? याचेही उत्तर नकारार्थी आले. तेव्हा, असे असेल तर हे करावयाचे कशासाठी, असा त्याचा पुढचा प्रश्न होता. शालेय जनजागृतिपटास हा प्रश्न जसाच्या तसा लागू आहे. ज्यांच्याविषयी लघुपट आहे, त्यांचे त्याने भले होते काय?

दुसरा प्रयोग थेट शाळांतील आहे. पॅरिसच्या सिनेमातेक फ्रांसेझ या संस्थेने १९९५ मध्ये, चित्रपटाच्या शताब्दीच्या निमित्ताने, अलँ बर्गाला यांच्या मार्गदर्शनाखाली शाळांसाठी एक उपक्रम सुरू केला. पुढे त्यात अनेक देशांतील शाळा सामील झाल्या. त्यातील एक प्राथमिक अभ्यास असा : कॅमेरा एका जागी स्थिर ठेवावा आणि एक मिनिटभर, न हलविता, न तोडता, समोर घडेल ते चित्रित करावे. १८९५ मध्ये ल्यूमिएर बंधूंची फीत पन्नास सेकंदांच्या आसपास संपत असे. ती मर्यादाच येथे शिस्त म्हणून स्वीकारलेली आहे. कोठे उभे राहावे, केव्हा सुरू करावे, चौकटीत काय यावे आणि काय बाहेर राहावे, हे चारच निर्णय. परंतु ते घेण्यासाठी मुलाला आधी बराच वेळ नुसते पाहावे लागते.

शाळा चित्रपटाला चर्चेच्या विषयाचे निमित्त बनविते, यावर बर्गालांचा रोख आहे. २००२ मधील ग्रंथात त्यांनी ही भूमिका मांडली. ती बहुतांशी मान्य करूनही एक मुरड घालणे आवश्यक वाटते. आपल्याकडील मुलांना सामाजिक प्रश्नांपासून दूर नेऊन शुद्ध कलेकडे वळवावे, असा निष्कर्ष त्यातून काढण्याचे कारण नाही. पाण्याची रांग हा त्यांच्या जीवनाचा विषय आहे. तो वगळला तर कला शुद्ध होत नाही, फक्त दूरची होते. विषय सामाजिक असण्यास हरकत नाही. निष्कर्ष उसना असण्यास हरकत आहे.

६

वरील दृष्टीसाठी परक्या आधारांचीच गरज आहे, असेही नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हाती घेण्यापूर्वी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. कुंडीत वाटाणा पेरून कॅमेरा त्याच्यासमोर ठेवावयाचा आणि कालांतराने एकेक चित्र घेत बीज रुजण्यापासून वेल होण्यापर्यंतची वाढ टिपावयाची, अशी ही खटपट महिन्याहून अधिक काळ चालली. प्रत्यक्ष पाहण्यास मात्र ती थोडक्या वेळात संपे. हा लघुपट पाहून फाळक्यांना कर्ज देण्यास माणसे पुढे आली, हे प्रसिद्धच आहे. त्यात निसर्गप्रेमाचा उपदेश नव्हता. जे डोळ्यांना दिसत असूनही दिसत नाही, ते त्याने दाखविले. शालेय लघुपटाला याहून चांगला आदर्श कोणता? शाळेच्या फाटकाशी एकाच जागेवरून, एकाच वेळी, महिनाभर रोज एक मिनिट चित्रण केले, तर कचरा कोठून येतो, कोण उचलतो आणि कोणत्या दिवशी तो उचलला जात नाही, हे मुलांना कळेल. मग घोषवाक्य बदलेल, किंवा त्याची गरजच उरणार नाही.

दुसरा आधार गाडगेमहाराजांचा (१८७६–१९५६). स्वच्छता आणि व्यसनमुक्ती या विषयांवर महाराष्ट्रात त्यांच्याइतकी जनजागृती क्वचितच कोणी केली असेल. त्यांच्या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये होती. ते दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत; म्हणजे शब्दाच्या आधी हाताचे काम झालेले असे. आणि कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. सांगणारा जागा व ऐकणारा झोपलेला, हे गृहीत त्यांनी मानले नाही. आपले शालेय लघुपट त्यांचे विषय घेतात, त्यांची पद्धत मात्र घेत नाहीत.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला व्यवहाराचा : शिक्षकाला वेळ नसतो, स्पर्धेची मुदत जवळ आलेली असते. हे खरे आहे. पण वर्षाकाठी पाच लघुपटांऐवजी एक करावा, हे त्याचे उत्तर होऊ शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलांनी टँकरचा मालक किंवा कचऱ्याची व्यवस्था यांविषयी विचारू लागावे, यात शाळेस व मुलांस धोका नाही काय? धोका आहे, आणि त्याचा भार मुलांवर टाकता येणार नाही. कोणाकडे बोट दाखविण्याचे काम लघुपटाने करू नये; दिसले ते दाखवावे आणि विचारले ते ऐकवावे. कोणाचे चित्रण करावयाचे, याचा निर्णय शिक्षकाने पालकांसह घ्यावा. विशेषतः दारूच्या व्यसनासारख्या विषयात एखाद्या मुलाचे घर उघडे पडणार नाही, ही दक्षता सर्वांत आधी घेतली पाहिजे. फोगो बेटावरील नियम येथे उपयोगी पडतो : ज्याचे चित्र, त्याने ते प्रथम पाहावे आणि नको म्हणण्याचा अधिकार त्याला असावा.

परीक्षकांनीही आपली मोजपट्टी बदलणे इष्ट होईल. चित्रणाची सफाई, संगीत आणि संदेशाची स्पष्टता यांवर गुण देण्याची पद्धत रूढ आहे. त्यांऐवजी चार प्रश्न विचारावेत. या लघुपटातील कोणती गोष्ट विद्यार्थ्यांना आधी ठाऊक नव्हती? ती त्यांनी कोणाकडून किंवा किती दिवस पाहून मिळविली? ज्यांच्याविषयी लघुपट आहे, त्यांनी तो पाहिला काय आणि ते काय म्हणाले? आणि प्रेक्षकाला जे करावयास सांगितले आहे, ते करणे त्याच्या हातात आहे काय? या प्रश्नांची उत्तरे देता येणारा लघुपट कदाचित हलत्या हाताने टिपलेला, खरखरत्या आवाजाचा आणि घोषवाक्याविना संपणारा असेल. स्पर्धेत त्याला प्रथम क्रमांक मिळणे आज अवघड आहे. तो मिळू लागेल, तेव्हाच शालेय जनजागृतिपटात जनांच्या जागृतीचा विचार सुरू झाला, असे म्हणता येईल. तोवर त्याची गणना पाठ केलेल्या निबंधातच करावी लागेल.